जन्मभूमीचा दावा

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, ही म्हण आपल्या बोलण्यांत इतकी रुळलेली आहे कीं तिचा अर्थ काय असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. बहुधा ती सावधगिरीची सूचना म्हणून वापरली जाते. थोर पुरुषाच्या पूर्वजांचा तपास करूं गेल्यास एखादी लाजिरवाणी गोष्ट हातीं लागेल, नदीच्या उगमापर्यंत चालत गेल्यास पुण्यसलिलेच्या जागीं एखादें डबकें दिसेल. तेव्हां श्रद्धा शाबूत ठेवावयाची असेल तर मागें वळून पाहूं नये, असा व्यवहारी लोकांनीं तिचा अर्थ लावून टाकला आहे. हा अर्थ खरा असेल तर ही म्हण भित्र्या मनाची म्हणावी लागेल. कारण जी श्रद्धा एका सत्य गोष्टीनें कोसळते ती कोसळलेलीच बरी. परंतु ही म्हण नित्य उच्चारणाऱ्या आपल्या समाजानें ती कधींच पाळलेली नाहीं. गोदावरीचें मूळ पाहण्यासाठीं यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या ब्रह्मगिरि चढत आले आहेत, आणि संतांचीं कुळें व जन्मगांवें ह्यांविषयींचे वाद तर आमच्या वाङ्मयाच्या इतिहासांत पानोपानीं आढळतात. ही केवळ आपलीच खोड नव्हे. होमर आपल्या येथें जन्मला असें सांगणारीं सात नगरें प्राचीन ग्रीक जगांत होतीं, हें प्रसिद्धच आहे.

तेव्हां मूळ शोधावें कीं शोधूं नये हा वादाचा खरा मुद्दा नव्हे. मनुष्य तें शोधणारच. खरा प्रश्न असा आहे कीं, मूळ सांपडल्यावर, किंवा सांपडलें असें वाटल्यावर, त्यापासून कोणाला कोणता हक्क प्राप्त होतो? एखादा थोर पुरुष अमक्या गांवीं जन्मला एवढ्यावरून तो त्या गांवाचा होतो काय? आणि होत असेल, तर ज्या गांवीं कोणी थोर जन्मला नाहीं त्याचें जगांत काय मोल? हे प्रश्न ग्रंथालयांत बसूनहि सुचण्यासारखे आहेत; पण परभणी जिल्ह्यांतील पाथरी ह्या गांवीं एक दिवस घालविल्यावर ते मला जितके निकडीचे वाटले तितके पूर्वीं कधीं वाटले नव्हते.

'जगांत जर्मनी, भारतांत परभणी' असें त्या जिल्ह्याचे लोक मोठ्या कौतुकानें म्हणतात. ह्या उद्गारांत अर्धा अभिमान आणि अर्धी थट्टा आहे, आणि दोन्ही निरनिराळीं करून दाखविणें परक्या मनुष्याच्या आवांक्यांतलें नाहीं. परभणीहून मानवतवरून पाथरीस जाणारा रस्ता हा कल्याणहून निर्मलकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचाच एक तुकडा आहे. मी गेलों तेव्हां दिवाळी होऊन आठवडा उलटला होता. दोहों बाजूंस काळीभोर, भारी जमीन पसरलेली. सोयाबीन निघून गेलेलें, रब्बीची ज्वारी वीतभर वर आलेली, तुरीला पिवळा फुलोरा, आणि कापसाच्या ओळींतून कंबरेला ओटा बांधून वेचणी करीत चाललेल्या बायका. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचें पाणी जेथें पोंचतें तेथें ऊंस उभा होता. जेथें पोंचत नाहीं तेथील शेतकऱ्याची नजर त्याच्या आजाप्रमाणें आभाळाकडेच होती. पाथरी हें ह्या शेतीवर जगणारें तालुक्याचें गांव आहे. बाजारपेठ, बसस्थानक, खताबियाण्यांचीं दुकानें, मशिदी, दर्गे, देवळें आणि त्यांच्यामधून वळणें घेत जाणाऱ्या अरुंद गल्ल्या, असें त्याचें सामान्य रूप कोणत्याहि मराठवाडी गांवासारखेंच आहे.

ह्या गल्ल्यांतून हिंडणाऱ्यास, हें एके काळीं मोठें राजकीय ठाणें होतें अशी शंकाहि येणार नाहीं. अबुल फज्लच्या 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे जे विभाग दिले आहेत त्यांत पाथरी हा एक स्वतंत्र 'सरकार', म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा विभाग, म्हणून नोंदलेला आहे. परंतु पाथरीची खरी विलक्षण कथा त्याहून जुनी असून ती फिरिश्ता ह्या इतिहासकारानें सांगितली आहे. विजापुरास जाण्यापूर्वीं फिरिश्ता अहमदनगरच्या दरबारीं होता. त्यामुळें निजामशाही घराण्याविषयींची त्याची माहिती केवळ दूरची व ऐकीव म्हणून टाकून देतां येत नाहीं.

कथा अशी आहे. विजयनगरच्या मुलखांतील तिमाभट नांवाचा एक ब्राह्मण मुलगा अहमदशहा बहामनीच्या स्वारींत कैद झाला. त्याला मुसलमान करून त्याचें नांव हसन ठेवण्यांत आलें. पुढें हाच मलिक हसन बहामनी राज्याचा मुख्य कारभारी झाला, आणि त्याचा मुलगा मलिक अहमद ह्यानें १४९० सालीं निजामशाहीची स्थापना केली. ह्या घराण्याचे पूर्वज मूळचे पाथरीचे कुळकर्णी होते, असें फिरिश्ता सांगतो. राज्य उभें राहिल्यावर पाथरीकडचे ब्राह्मण नातलग अहमदनगरास येऊन राहिले, आणि अहमदचा मुलगा बुरहान निजामशहा ह्याच्या मनानें घेतलें कीं आपल्या वाडवडिलांचें गांव आपल्या राज्यांत असावें. पाथरी त्या वेळीं वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होती. बुरहाननें अल्लाउद्दीन इमादशहास पत्र लिहून पाथरीच्या मोबदल्यांत तिच्याहून अधिक उत्पन्नाचा परगणा देऊं केला. अल्लाउद्दीननें तो नाकारला व पाथरीची तटबंदी मजबूत करण्यास आरंभ केला. मग १५१८ सालीं बुरहाननें अचानक चाल केली आणि शिड्या लावून किल्ला घेतला. पुढें अल्लाउद्दीननें तो परत मिळविला. १५२७ च्या सुमारास बुरहाननें तो पुन्हां जिंकला, ह्या खेपेस तो जमीनदोस्त केला, आणि तो मुलूख आपल्या ब्राह्मण नातलगांना धर्मादाय देऊन टाकला. अकबराच्या काळापर्यंत तो त्यांच्या वंशजांकडे चालत राहिला.

ह्या हकीकतीस आणखी एक जोड आहे. इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला हाहि विजयनगरच्या मुलखांतून लहानपणीं कैद करून आणलेला ब्राह्मण मुलगाच होता, असें तोच फिरिश्ता सांगतो. म्हणजे आईबापांपासून तोडून आणलेल्या दोन पोरांपैकीं एकाचा नातू आणि दुसऱ्याचा मुलगा एका कुळकर्णाच्या गांवासाठीं लढले. आणि त्या लढाईंत तटाखालीं जे शिपाई मेले त्यांचें पाथरीशीं कांहींएक नातें नव्हतें.

बुरहानच्या ह्या कृत्याचें नैतिक मोजमाप करणें वाटतें तितकें सोपें नाहीं. त्याला सत्तेचा लोभच असता तर अधिक उत्पन्नाचा परगणा देऊन कमी उत्पन्नाचें गांव मागण्याचें त्याला कारण नव्हतें, आणि जिंकलेलें गांव दान करून टाकण्याचें तर त्याहून नव्हतें. ज्या धर्मांत तो जन्मला व वाढला त्या धर्मानें त्याच्या पणजोबाचें नांवहि त्याच्याकडून मागितलें नव्हतें. तरी ती ओढ त्याच्या रक्तांत कोठेंतरी शिल्लक होती. ही ओढ निर्मळ आहे, आणि ज्याला ती कधीं जाणवली नाहीं त्याची मला थोडी कींवच येते. परंतु तीच ओढ शिड्या आणि तलवारी घेऊन निघाली तेव्हां तिनें काय केलें? ज्या गांवावर प्रेम होतें त्या गांवाचाच तट तिनें पाडला. प्रेम हें प्रेमच राहून हिंसा करूं शकतें, ह्याचें ह्याहून बोलकें उदाहरण मला ठाऊक नाहीं. तेव्हां दोष ओढीचा नव्हे; ती ज्या क्षणीं 'हें माझें आहे' असें म्हणावयाच्या ऐवजीं 'हें तुझें नाहीं' असें म्हणूं लागते त्या क्षणाचा तो दोष आहे.

हा क्षण चारशें-पांचशें वर्षांपूर्वीं येऊन गेला आणि संपला, असें समजण्याचें कारण नाहीं. पाथरीच्या वैष्णव गल्लींत शिर्डीच्या साईबाबांचें मंदिर आहे. ह्या जागीं पूर्वीं भुसारी घराण्याचें घर होतें व त्याच घरांत साईबाबांचा जन्म झाला, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. आपण पाथरीचे ब्राह्मण असून लहानपणीं आपल्याला एका फकिराच्या स्वाधीन करण्यांत आलें, असें बाबांनीं म्हाळसापतींना सांगितल्याची आठवण त्यांच्या चरित्रवाङ्मयांत नमूद आहे, आणि पुढें १९७० नंतरच्या दशकांत विश्वास खेर ह्यांनीं पाथरीस जाऊन जो तपास केला त्यामुळें ह्या श्रद्धेला बळ मिळालें. उलटपक्षीं दासगणूंनीं बाबांचा संबंध ह्याच जिल्ह्यांतील सेलूच्या गोपाळराव देशमुखांशीं जोडला होता. स्वतः बाबांनीं १५ ऑक्टोबर १९१८ रोजीं, विजयादशमीस, देह ठेवीपर्यंत आपलें कूळ, जात व जन्मगांव ह्यांविषयींच्या प्रश्नांना सरळ उत्तर सहसा दिलें नाहीं.

२०२० च्या जानेवारींत त्या वेळचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे ह्यांनीं पाथरीच्या विकासासाठीं शंभर कोटि रुपयांची घोषणा केली आणि तींत पाथरीचा उल्लेख साईबाबांचें जन्मस्थान असा आला. शिर्डीकरांना हें मान्य झालें नाहीं. १९ जानेवारी रोजीं शिर्डींत बंद पाळण्यांत आला. मंदिर उघडें होतें, बाजार बंद होता. दुसऱ्या दिवशीं मुंबईस बैठक होऊन तो वाद तेवढ्यापुरता शमला.

दोन्ही पक्षांचें म्हणणें न्यायबुद्धीनें ऐकलें पाहिजे. शिर्डीकरांचें म्हणणें असें होतें कीं, पाथरीच्या विकासाला आमचा विरोध नाहीं. परंतु ज्या सत्पुरुषानें आपली जात व धर्म जन्मभर झांकून ठेवला, त्याला जन्मस्थान चिकटविल्यानें त्याच्या शिकवणीलाच बाध येतो. हा युक्तिवाद हलका नाहीं. जो मशिदींत राहिला, जेथें त्यानें धुनी पेटती ठेवली, आणि ज्याच्याकडे दोन्ही समाजांची माणसें आपला म्हणून गेलीं, त्याला कुळाच्या एका चौकटींत बसविलें कीं दुसऱ्या कोणाची तरी जागा कमी होते. पाथरीकरांचें म्हणणें असें कीं, त्यांच्याच तोंडून आमच्या गांवाचें नांव निघालें अशी आठवण लिहिलेली असतां आम्हीं तें कां लपवावें? हेंहि तितकेंच खरें आहे. दोन्ही पक्षांच्या मागें पैसा आहे असें म्हणून हंसणारे पुष्कळ भेटतात. मला त्या हंसण्यांत भाग घ्यावासा वाटत नाहीं. यात्रेकरूच्या पायाबरोबर दुकान, खाणावळ, रिक्षा आणि चार घरांची चूल चालते. ज्याची चूल अशा कशावरच अवलंबून नाहीं त्यानेंच हा उपहास करावा, हें शोभत नाहीं.

परंतु दोन्ही पक्षांच्या बोलण्यांत एक गोष्ट मला कोठेंच दिसली नाहीं. पाथरीच्या दोन्ही कथांत एक मूल आहे, आणि तें आपल्या माणसांपासून दूर गेलेलें आहे. पहिल्या कथेंतील मुलाचें घराणें पाथरीहून आधींच परागंदा झालें होतें, आणि मुलाला युद्धानें ओढून नेलें. दुसऱ्या कथेंतील मूल, श्रद्धा प्रमाण मानली तर, फकिराच्या हातीं दिलें गेलें. ह्याच जिल्ह्यांत गोदावरीच्या कांठीं गंगाखेड आहे. जनाबाईचें जन्मगांव म्हणून तें सर्व महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिलाहि परंपरेप्रमाणें बालपणींच पंढरपुरास दामाशेटींच्या घरीं ठेवण्यांत आलें, आणि तिनें आपली ओळख सांगितली ती जन्मगांवावरून नव्हे, तर ज्या घरीं दळणकांडण केलें त्या घराची, नामदेवाची दासी म्हणून. तिघांचेंहि मोठेपण गांव सुटल्यानंतरचें आहे. म्हणजे ज्यांच्यावर जन्मभूमि आज हक्क सांगते, त्यांना तिनें, आपल्या इच्छेनें नसेल, दारिद्र्यानें किंवा दैवानें असेल, पण सांभाळलेलें नाहीं. आणि ज्यांना तिनें सांभाळलें, ज्यांनीं तिची काळी जमीन पिढ्यान्‌पिढ्या नांगरली, त्यांच्यापैकीं एकाचेंहि नांव कोणत्या बखरींत नाहीं.

ह्या विचाराला नेमकें रूप दिलें तें मंदिराच्या गल्लीबाहेर चहाच्या दुकानांत भेटलेल्या एका शेतकऱ्यानें. वय माझ्याच आसपासचें; खताच्या दोन गोण्या पायाशीं ठेवून तो बसची वाट पाहत होता. बाबा तुमच्याच गांवचे ना, असें मीं त्याला सहज विचारलें. तो म्हणाला, "सर, बाबा हितले का तितले, ते तुमी शिकलेल्या लोकायनं ठरवावं. माझं पोरगं मातर हितलंच हाय. बी. ए. झालंय, अन् चाकणला कंपनीत जातंय. त्याच्या जलमाची जागा कोन इचारतंय?" हें तो रागानें म्हणाला नाहीं. चहाचे पैसे मला देऊं न देतां तो उठला आणि गोण्या उचलून बसकडे गेला.

प्लेटोच्या 'रिपब्लिक' ग्रंथाच्या आरंभीं थेमिस्टोक्लीसची एक आख्यायिका आली आहे. सेरिफोस नांवाच्या एका क्षुल्लक बेटावरच्या मनुष्यानें त्याला हिणविलें कीं, तुझी कीर्ति तुझ्या गुणांची नसून अथेन्स शहराची आहे. थेमिस्टोक्लीसनें उत्तर दिलें कीं, मी सेरिफोसचा असतों तर मला कीर्ति मिळाली नसती हें खरें. पण तूं अथेन्सचा असतास तरी तुला ती मिळाली नसती. हें उत्तर चलाख आहे, आणि दोन हजार वर्षें लोक त्यावर खूष आहेत. परंतु त्याच्या पूर्वार्धाकडे कोणी फारसें थांबून पाहत नाहीं. थेमिस्टोक्लीससारखाच गुणी एखादा मुलगा सेरिफोसलाहि जन्मला असेल, आणि तें बेट लहान होतें एवढ्याच कारणानें जगाला तो कळला नसेल, ही कबुली त्या पूर्वार्धांत आहे. पाथरी, सेलू, सोनपेठ, जिंतूर ह्या सेरिफोसांतून दरवर्षीं किती मुलें पुण्याच्या व मुंबईच्या गाड्यांत बसतात, ह्याचा विचार केल्यास जन्मस्थानाचा वाद निराळ्याच बाजूनें दिसूं लागतो. जो गेला आणि थोर झाला त्याच्यावर हक्क सांगण्यास गांव धांवतें. जो जाऊं नये म्हणून कांहीं करतां येण्यासारखें होतें, त्याच्यासाठीं बंद पाळलेला ऐकिवांत नाहीं.

येथें दोन शब्दांतला भेद स्पष्ट केला पाहिजे. एक शोध आणि दुसरा दावा. शोध ज्ञानाकडे जातो, आणि ज्ञान एकाला मिळाल्यानें दुसऱ्याचें कमी होत नाहीं. निजामशाहीचें मूळ पाथरीच्या कुळकर्ण्यांत आहे हें कळल्यानें अहमदनगरचें कांहीं हरवत नाहीं. उलट हिंदु आणि मुसलमान ह्या नांवांच्या भिंती जितक्या अभेद्य समजल्या जातात तितक्या त्या कधींच नव्हत्या, एवढें शहाणपण आपल्या पदरांत पडतें. म्हणून संशोधकाला म्हणीचा धाक घालणें मला मान्य नाहीं. दावा मात्र ताब्याकडे जातो, आणि ताबा एकाचाच असतो. शोधाला 'कदाचित्' हा शब्द उच्चारतां येतो. दाव्याला तो परवडत नाहीं. शोध चुकला तर दुरुस्त होतो. दावा चुकला तरी टिकवावा लागतो, कारण तोंपर्यंत त्याच्यावर घरें बांधलेलीं असतात.

मग जन्मभूमीचें आणि मनुष्याचें खरें नातें कोणतें? आपल्या परंपरेनें ह्यासाठीं हक्काचा नव्हे, ऋणाचा शब्द योजला आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण हीं तीन ऋणें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. परंतु शतपथ ब्राह्मणांत चौथें एक ऋण सांगितलें आहे, तें मनुष्यऋण. आणि माणसांना आसरा व अन्न दिल्यानें तें फिटतें, असें तेथें म्हटलें आहे. ह्या चौथ्या ऋणाची आठवण आपल्याला कमी राहिली, ह्याचें मला नेहमीं नवल वाटतें. पितृऋण ज्याचें त्याला, आपल्याच कुळापुरतें. मनुष्यऋण मात्र जो कोणी दारांत येऊन उभा राहील त्याचें.

आतां ह्या दृष्टीनें शिर्डीकडे पाहावें. तिचें खरें वैभव कशांत आहे? एक अनोळखी तरुण फकीर तिच्या शिवेंत आला. तो कोठला, कोणाचा, हें कोणाला ठाऊक नव्हतें. बायजाबाई नांवाची एक बाई डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन त्याला शोधीत रानांत जात असे आणि त्याला खाऊं घालून मगच परतत असे, असें चरित्रकार सांगतात. तिनें त्याच्या जन्मस्थानाचा दाखला मागितला नव्हता. तो कोणत्या देवळाच्या बाजूचा हें ठरल्यावर भाकरी देऊं, असें ती म्हणाली नाहीं. शिर्डीनें मनुष्यऋण फेडलें तें त्या टोपलीनें. आणि पुढें तिला जें कांहीं मिळालें तें त्या भाकरीचें फळ आहे, असें मी मानतों. म्हणून, पाथरीनें जन्म दिला कीं नाहीं हा प्रश्न कसाहि सुटो, शिर्डीच्या मोठेपणाला त्यानें तिळभरहि उणेपणा येत नाहीं. ज्याला आपण जन्म दिला नाहीं त्याला आपलें म्हणणें ही जन्म देण्याहून कठीण गोष्ट आहे, आणि ती शिर्डीनें एकदां केलेली आहे. ज्या गांवानें परक्याला कूळ न विचारतां ठेवून घेतलें, त्या गांवाला दुसऱ्या गांवानें नुसतें नांव घेतल्याचें भय वाटावें, हेंच मला खेदाचें वाटतें.

आणि पाथरीकडे? तिला मी एवढेंच सांगेन कीं, तिच्या मागण्या योग्य आहेत, परंतु त्यांच्या पुराव्यासाठीं तिला संताचा जन्म सिद्ध करावयास लागूं नये. रस्ता, पाणी, दवाखाना, शाळा, पोरांना काम, ह्या गोष्टी नागरिकांच्या आहेत, संतांच्या नव्हेत. ज्या राज्यांत एखाद्या गल्लीला फरशी मिळण्यासाठीं तेथें अवतारी पुरुष जन्मला होता असें ठरावें लागतें, त्या राज्यानें न जन्मलेल्या सर्व गल्ल्यांवर अन्याय केलेला आहे. कोणी म्हणेल, पैसा मर्यादित असतो, आणि जेथें यात्रा भरते तेथें तो घातला तर अधिक लोकांचें पोट भरतें. हा हिशेब मी नाकारीत नाहीं. पण त्यांतून एक अदृश्य हानि होते. गांवाचें भवितव्य भूतकाळाच्या पुराव्यावर टांगलें कीं, वृद्ध माणसें न पाहिलेल्या गोष्टींचीं साक्षीदार होतात, जुन्या वस्तूंचें वय वाढूं लागतें, आणि शंका विचारणारा गांवाचा वैरी ठरतो. दारिद्र्यानें माणसाकडून पुष्कळ कांहीं हिरावून घेतलेलें असतें. निदान त्याच्या आठवणींचा खरेपणा तरी त्याच्यापाशीं राहूं द्यावा.

गांवाचें नांव दाव्यावांचूनहि दूरवर जाऊं शकतें. परभणीस १९७२ सालीं कृषि विद्यापीठ स्थापन झालें. तेथें भेंडीचा एक वाण तयार करण्यांत आला, 'परभणी क्रांति' त्याचें नांव. पानें पिवळीं पाडणाऱ्या रोगानें भेंडीचीं शेतेंच्या शेतें बसत असत. त्या रोगाला हा वाण दाद देत नसे, म्हणून तो देशभर पेरला गेला. त्याचें कूळ पाहूं गेल्यास एका बाजूस दिल्लीची 'पुसा सावनी' भेंडी आहे आणि दुसऱ्या बाजूस तिची एक रानटी भावंडवजा जात. म्हणजे हें परभणीचें अपत्य अर्धें दिल्लीचें आणि अर्धें रानाचें. तरी त्याच्या नांवावरून दिल्ली आणि परभणी ह्यांच्यांत वाद झाला नाहीं. कारण तें नांव ताब्याचें नसून कामाचें आहे. ज्यानें तें बीं पेरलें त्याच्या पदरांत पीक पडलें, आणि परभणीचें कांहीं कमी झालें नाहीं.

पाथरी तालुक्यांत ढालेगावजवळ गोदावरीवर बंधारा आहे. तेथील पाणी ब्रह्मगिरीवरचें किती, असें विचारणें व्यर्थ आहे. वाटेंत प्रवरा तिला प्रवरासंगमावर भेटते, सिंदफणा मांजरथला भेटते, आणि परभणी जिल्ह्यांतच पुढें कंठेश्वरला पूर्णा तिला येऊन मिळते; शिवाय वाटेंतल्या प्रत्येक शेताच्या बांधावरून उतरलेलें पावसाचें पाणी तिच्यांत आहे, आणि त्या ओहोळांना नांवेंहि नाहींत. नदीचें मूळ शोधूं नये ह्याचें कारण तें गढूळ असतें हें नव्हे. तें अगदीं निर्मळ असलें तरी नदीच्या मानानें फार लहान असतें. तेवढ्याशा झऱ्यानें एवढी नदी झालेली नसते. ज्यांनीं तिला वाटेंत पाणी दिलें त्या सर्वांची ती झालेली असते, आणि शेवटीं जो ओंजळ भरतो त्याची.

ऋषीच्या कुळाविषयींहि हेंच खरें आहे. तें शोधावें, अवश्य शोधावें; आणि सांपडल्यावर त्या कुळाला, त्या गांवाला, कृतज्ञतेनें नमस्कार करावा. परंतु ज्याला तो नमस्कार खरा करावयाचा असेल त्यानें एवढें तरी करावें, कीं त्या गांवीं आज जन्मलेलें मूल उद्यां नाइलाजानें गांव सोडून जाणार नाहीं अशी कांहीं तजवीज व्हावी म्हणून आपला आवाज द्यावा. तें मूल थोर होईल कीं नाहीं, हें कोणी आधीं विचारूं नये. बायजाबाईनेंहि तें विचारलें नव्हतें.